डेड स्टॉक रजिस्टरमधील खुर्ची

गेल्या दिवाळीत पाडव्याच्या दिवशी आम्ही उभयता बिबवेवाडीला पुतण्याच्या नव्या घरी गेलो होतो. भांडी आळीतील पिढीजात दुकान तो सांभाळतो. नवव्या मजल्यावरचे प्रशस्त घर, आरशासारखी फरशी, छतात दडवलेले दिवे. अशा दिवाणखान्यात भिंतीला लागून कोनाकार सोफा असणारच, या अपेक्षेने मी आत शिरलो आणि खिडकीपाशी मांडलेल्या दोन जुन्या सागवानी खुर्च्या पाहून थबकलो. रुंद हात, किंचित मागे कललेली पाठ, पाठ आणि बैठक दोन्ही वेताच्या विणीच्या. एकीची बैठक मधोमध फाटली होती.

"काका, जोगेश्वरीहून आणल्या. जोडीचे अठ्ठावीस हजार पडले. अस्सल विंटेज आहेत!" पुतण्या कौतुकाने म्हणाला.

जामिनाची वस्तू चारही बाजूंनी पाहिल्याशिवाय मान डोलवायची नाही, ही छत्तीस वर्षांच्या बँकेतील नोकरीची सवय. मी एक खुर्ची उलटी केली. बैठकीखालच्या पट्टीवर पांढऱ्या रंगात लिहिलेली दोन पुसट अक्षरे, एक तिरकी रेघ आणि पुढे एक आकडा दिसला. बँकेत उमेदवारी केलेल्या माणसाला हे काय आहे ते सांगावे लागत नाही. कार्यालयातील टेबल, खुर्ची, कपाट ज्या वहीत नोंदवले जाते त्या डेड स्टॉक रजिस्टरचा तो अनुक्रमांक. त्या खुर्च्या आमच्याच शाखेतील होत्या असे मी म्हणणार नाही. कचेऱ्या, न्यायालये, शाळा, सगळीकडेच असे क्रमांक घालण्याची पद्धत होती. परंतु त्या क्षणी मला १९९४ साल आठवले आणि हातातील फराळाची बशी मी खाली ठेवली.

चौतीस खुर्च्यांचा लिलाव

त्या वर्षी मी सोलापूर जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी शाखाधिकारी होतो. शाखेचे नूतनीकरण मंजूर झाले होते. जुन्या लाकडी काउंटरच्या जागी सनमायकाचे काउंटर येणार होते, गणकयंत्रे येणार होती आणि त्यांना साजेशा लोखंडी नळ्यांच्या, फोमच्या गादीच्या खुर्च्याही. जुन्या सागवानी खुर्च्या चौतीस होत्या. त्यांची पुस्तकी किंमत घसारा वजा जाता प्रत्येकी एक रुपया उरली होती. वस्तू अजून अस्तित्वात आहे एवढ्यापुरती नोंद ठेवण्यासाठी हा एक रुपया ठेवतात.

विक्रीचा प्रस्ताव मीच लिहिला. त्यात एक वाक्य होते : "वेताच्या दुरुस्तीवर दरवर्षी खर्च होत असून तो यापुढे परवडण्याजोगा नाही." हिशेबाच्या दृष्टीने वाक्य बिनचूक होते. तो दरवर्षीचा खर्च म्हणजे एक माणूस होता, ही गोष्ट मात्र प्रस्तावात कोठेच नव्हती.

दर मे महिन्यात एक अंध गृहस्थ एसटीने शाखेत येत. सोबत लहान भाचा आणि वेताची भेंडोळी. अंधशाळांतून खुर्च्या विणण्याचे शिक्षण देण्याची पद्धत आपल्याकडे फार जुनी आहे. रेल्वे आणि सरकारी कार्यालयांतही या कामावर अंध कारागीर नेमले जात. आमच्याकडे येणाऱ्या या गृहस्थांना सगळी शाखा 'मामा' म्हणत असे. मागच्या व्हरांड्यात पाण्याची बादली घेऊन ते दहा-बारा दिवस बसत आणि फाटलेल्या खुर्च्या विणून देत. १९९५ च्या मे महिन्यात ते नेहमीप्रमाणे आले, तेव्हा विणण्यासारखी एकही खुर्ची शाखेत उरली नव्हती. नव्या खुर्चीच्या गादीवरून त्यांनी हात फिरवला आणि म्हणाले, "मऊ आहे साहेब. पण ही फाटली की टाकूनच द्यावी लागंल." मी त्यांना चहा दिला, जाण्यायेण्याचे भाडे स्वतःच्या खिशातून दिले आणि कामाला लागलो. त्यानंतर ते आले नाहीत.

जुन्या खुर्चीचे आकर्षण कशात आहे, या प्रश्नाचे उत्तर मामांच्या त्या एका वाक्यात आहे. ते समजायला मला तीस वर्षे लागली.

गादी-लोडापासून खुर्चीपर्यंत

आपल्या व्यापारी घराण्यांत खुर्ची तशी उशिराच आली. पेढीवर पांढरीशुभ्र गादी, लोड, तक्के आणि समोर उतरते मेज हीच बैठक. त्या बैठकीवर मालक, मुनीम आणि गिऱ्हाईक एकाच पातळीवर बसत. 'खुर्ची' हा शब्द अरबीतील 'कुर्सी'वरून आपल्याकडे आला. 'सोफा'ही मूळचा अरबीच. घरोघरी मात्र खुर्ची पोहोचली ती इंग्रजी अमदानीतील कचेऱ्या, रेल्वे स्थानके आणि डाकबंगले यांच्या वाटेने. साहेबाला या हवेत कापूस भरलेल्या जाड गाद्या सोसवेनात. घामाने त्या ओलसर होत, त्यांत कीड होई. म्हणून विलायती घडणीला देशी सागवान किंवा शिसवी आणि वेताची विणकर जाळी यांची जोड मिळाली. जाळीतून वारा खेळतो, पाठ ओली राहत नाही. चहा-कॉफीच्या मळ्यांवरील साहेबांची लांब हातांची, पाय पसरण्याची सोय असलेली खुर्ची याच गरजेतून निघाली. आपण तिला आरामखुर्ची म्हणू लागलो आणि ती वाड्याच्या ओसरीवर आजोबांची हक्काची जागा होऊन बसली.

दुसरी परंपरा इराणी हॉटेलांतील. काळसर, गोल वाकवलेल्या लाकडाच्या त्या हलक्या खुर्च्यांवर बसून मुंबई-पुण्याच्या कित्येक पिढ्यांनी चहा घेतला आहे. तिचा मूळ नमुना व्हिएन्नामध्ये मिखाएल थोनेट या कारागिराने १८५९ साली बाजारात आणला. बीच वृक्षाचे लाकूड वाफेवर मऊ करून ते साच्यात वाकवण्याची युक्ती त्याने सिद्ध केली. त्याच्या चौदा क्रमांकाच्या खुर्चीत लाकडाचे अवघे सहा भाग, दहा स्क्रू आणि दोन नट होते. सुट्या केलेल्या छत्तीस खुर्च्या एक घनमीटरच्या खोक्यात मावत. वाहतूक खर्चाचे महत्त्व जाणणाऱ्या आपल्या वाचकांना या आकड्याची थोरवी वेगळी सांगायला नको. एखादा भाग मोडला तर तेवढाच बदलता येई.

तिसरी परंपरा मुंबईच्या मरीन ड्राइव्ह परिसरातील. १९३० ते १९५० या काळात तेथे ज्या आर्ट डेको शैलीच्या इमारती उभ्या राहिल्या, त्यांचा २०१८ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला. त्या घरांतील सोफे आणि खुर्च्याही त्याच वळणाच्या होत्या. गोलाकार भरीव हात, बुटकी बैठक, अंगावर गुळगुळीत पॉलिश आणि आत ज्यूटच्या पट्ट्यांवर बांधलेल्या पोलादी स्प्रिंगा. आज जुन्या वस्तूंच्या बाजारात ज्यांना सर्वाधिक मागणी आहे, त्यांत या तीन घराण्यांचे फर्निचर अग्रभागी आहे.

चंदीगडचा धडा

पुस्तकी किंमत आणि खरी किंमत यांत किती अंतर पडू शकते, याचे सर्वांत मोठे उदाहरण आपल्याच देशातील आहे. १९५१ पासून चंदीगड शहराची उभारणी सुरू झाली. नगररचनाकार ल कॉर्ब्युझिए यांचे चुलतभाऊ पिएर जानरे हे तेथे अनेक वर्षे राहिले. सचिवालय, उच्च न्यायालय, विद्यापीठ यांच्यासाठी लागणाऱ्या हजारो खुर्च्या स्थानिक सुतारांकडून, सागवान आणि वेत वापरून करून घ्यायच्या होत्या. उलट्या 'व्ही' अक्षरासारखे पाय असलेली ती साधी, मजबूत खुर्ची याच कामातून घडली. जानरे यांचे १९६७ मध्ये निधन झाले. त्यांच्या इच्छेनुसार त्यांची रक्षा चंदीगडच्या सुखना सरोवरात विसर्जित करण्यात आली.

पुढे त्या खुर्च्या जुन्या झाल्या. वेत फाटले, नवे फर्निचर आले. जुन्या खुर्च्या गच्च्यांवर आणि आवारांत रचून ठेवल्या गेल्या आणि भंगार म्हणून लिलावात निघाल्या. युरोपातील काही जाणकार विक्रेत्यांनी त्या घेतल्या, दुरुस्त केल्या आणि परदेशातील नामांकित लिलावगृहांत त्यांना लाखांत किंमत आली. अखेर २०११ मध्ये केंद्रीय गृहमंत्रालयाने या वारसा फर्निचरच्या विक्रीवर निर्बंध घालणारा आदेश काढला. परदेशी जाणाऱ्या खुर्च्यांना कायद्याने अडवणे मात्र कठीणच राहिले. पुरावशेष व बहुमूल्य कलाकृती अधिनियम, १९७२ नुसार वस्तू पुरावशेष ठरण्यासाठी सामान्यतः शंभर वर्षांची असावी लागते, आणि या खुर्च्यांनी तर तेव्हा साठीही जेमतेम गाठली होती.

चंदीगडच्या त्या अधिकाऱ्यांना नावे ठेवण्याचा अधिकार मला नाही. त्यांनीही माझ्यासारखेच, नियमाला धरून, एक बिनचूक वाक्य लिहिले असणार.

घसाऱ्याचा हिशेब

आता थोडे आकड्यांकडे वळू. आयकराच्या नियमांनुसार फर्निचरवर दरवर्षी घटत्या शिलकेच्या पद्धतीने १० टक्के घसारा मिळतो. शंभर रुपयांची खुर्ची दहा वर्षांनी सुमारे ३५ रुपयांची होते, वीस वर्षांनी १२ रुपयांची. या पद्धतीत किंमत कधीच शून्य होत नाही, एवढीच तिची दया. २०१३ च्या कंपनी कायद्याने तर सर्वसाधारण फर्निचरचे उपयुक्त आयुष्य दहाच वर्षे धरले आहे.

गंमत अशी की आजचे पुष्कळसे फर्निचर हा नियम मनापासून पाळते. बाहेरून देखणा दिसणारा सोफा आतून पाहिला, तर लाकडाच्या भुशापासून केलेल्या फळ्या, त्यांना ठोकलेल्या पिना आणि वर फोम एवढेच आढळते. फोम बसका झाला, फळीने पाणी धरले, पीन सुटली, की दुरुस्त करणारा कारागीर हात जोडतो. स्क्रू पुन्हा आवळायला त्या फळीत पकडच उरत नाही. जुन्या खुर्चीचे तसे नाही. एका लाकडाला खाच आणि दुसऱ्याला त्या खाचेत नेमका बसणारा जिभेसारखा भाग, अशी तिची सांधणी असते. सांधा ढिला झाला तर उकलून पुन्हा जुळवता येतो. वेत फाटला तर नवा विणता येतो, पॉलिश उडाले तर पुन्हा करता येते. ती घडवणाऱ्या सुताराने ती कधीतरी बिघडणार हे गृहीत धरले होते आणि ती दुरुस्त करणाऱ्या माणसासाठी जागा ठेवली होती. मामांच्या बोलण्याचा अर्थ हाच होता.

म्हणून माझ्या मते जुन्या खुर्चीचे वय हे तिचे खरे मोल नव्हे. जुनी असूनही निकृष्ट असलेली खुर्ची निकृष्टच. जी पुन्हा पुन्हा उभी करता येते आणि जिच्यामुळे एखाद्या कारागिराच्या हाताला काम मिळत राहते, ती खरी मोलाची.

घेण्यापूर्वी पाहावे असे काही

मुंबईतील चोर बाजाराची मटन स्ट्रीट, जोगेश्वरी-ओशिवऱ्याची फर्निचरची दुकाने, पुण्याचा जुना बाजार, अशा ठिकाणी आज तरुण मंडळी हौसेने जातात. त्यांच्यासाठी काही गोष्टी नमूद करतो.

पहिली गोष्ट, खुर्ची उलटी करून पाहावी. वरचे पॉलिश काल केलेले असू शकते, खालची बाजू सहसा खोटे बोलत नाही. नव्या लाकडाला काळसर रंग देऊन जुने म्हणून विकणारे पुष्कळ आहेत. जुन्या सागवानाचे वजन हाताला कळते. हात आणि पाठ धरून किंचित हलवून पाहावे. कुरकुरणारा सांधा चालेल, तडकलेले लाकूड नको.

दुसरी गोष्ट विशेष आपल्या घरांसाठी. लाकडावर टाचणीच्या टोकाएवढी छिद्रे आणि खाली पिठासारखी पूड दिसली तर आत कीड जिवंत आहे असे समजावे. वेताच्या सांदीकोपऱ्यांत आणि जुन्या गादीच्या शिवणीत ढेकूण असतात. घरी आणून मग औषध मारण्याची पाळी येण्यापेक्षा अशी वस्तू न आणलेलीच बरी.

तिसरी गोष्ट, आतील आणि बाहेरील माल विचारून घ्यावा. जुन्या विलायती सोफ्यांत घोड्याचे केस भरलेले असत, वर चामडे असे आणि सांध्यांना जनावराच्या कातड्यापासून केलेला सरस. फ्रेंच पॉलिश म्हणतात ते चपडी लाख स्पिरिटमध्ये विरघळवून करतात. ही लाख कीटकांपासून मिळते. श्रावकाला वर्ज्य मानलेल्या पंधरा कर्मादानांत लाक्षावाणिज्याचा उल्लेख आहे, हे आपल्या वाचकांना ठाऊकच आहे. ज्यांना हे पाळायचे आहे त्यांनी कारागिराला आधीच सांगावे. काथ्या किंवा कापूस भरता येतो, सुती कापड लावता येते, कृत्रिम गोंद वापरता येतो आणि सागवानाला जवसाच्या तेलाचा हात दिला तरी उत्तम तकाकी येते.

चौथी गोष्ट, घरातील वडीलधाऱ्यांना खुर्चीवर बसवून पाहावे. जुन्या आरामखुर्च्या बुटक्या आणि मागे कललेल्या असतात. गुडघे दुखणाऱ्या माणसाला तीतून उठणे अवघड जाते. उद्वाहकाच्या दाराची रुंदीही मोजून जावे. मोठा सोफा खालीच अडकून राहिल्याची उदाहरणे मी पाहिली आहेत.

पाचवी आणि शेवटची गोष्ट, वेताची निगा. बैठक सैल वाटू लागली तर खालच्या बाजूने ओले फडके लावून ती चांगली भिजू द्यावी आणि सावलीत वाळवावी. वेत वाळताना आवळतो. त्यावर उभे राहून पंखा पुसू नये, एवढे पथ्य पाळले तर चांगली वीण वर्षानुवर्षे टिकते.

पुन्हा एकदा बादली आणि वेत

पुतण्याच्या फाटक्या खुर्चीवर प्लायवूड ठोकून वर गादी टाकण्याचा त्याचा विचार होता. मी म्हटले, "थांब. ही मी दुरुस्त करून देतो."

विणणारा मिळवायला सव्वा महिना लागला. चार फर्निचरवाल्यांनी यंत्रावर विणलेली तयार जाळी खाचेत दाबून बसवण्याचा सल्ला दिला. शेवटी अंधशाळेत शिकलेल्या एका कारागिराचा पत्ता एका जुन्या सहकाऱ्याकडून मिळाला. वय पन्नाशीच्या पुढचे, दृष्टी जन्मापासून नाही. ते आमच्या घरी आले. गॅलरीत बादली ठेवली, वेत भिजत घातला आणि खुर्चीच्या चौकटीवरील छिद्रांवरून बोटे फिरवत ते मनाशी मोजू लागले. मग म्हणाले, "सगळी छिद्रं सारख्या अंतरावर आहेत. चांगल्या हाताचं काम आहे, साहेब."

त्यांचे काम मी शेजारी बसून पाहिले. शाखेतील त्या सगळ्या वर्षांत एकदाही पाहिले नव्हते. आधी उभे पदर, त्यांवर आडवे, पुन्हा उभे, मग त्यांच्यातून ओवलेले आडवे. त्यानंतर एका कोपऱ्याकडून तिरपे, दुसऱ्या कोपऱ्याकडून तिरपे आणि शेवटी कडेची पट्टी. सात फेऱ्या झाल्यावर आठ कोनांच्या छिद्रांची ती ओळखीची जाळी उभी राहिली. सगळे बोटांनी मोजून. दोन दिवस लागले.

मी त्यांना मामांविषयी विचारले. गाव सांगितले, साल सांगितले. त्यांनी मान हलवली. त्यांना माहीत नव्हते. माहीत असण्याचे काही कारणही नव्हते. "तेव्हा बँकांची कामं गेली तशी पुष्कळांनी वीण सोडली," एवढेच ते म्हणाले. मजुरी त्यांनी सांगितली तेवढी दिली, घासाघीस केली नाही. पुतण्याने आपल्या दोन मित्रांकडील खुर्च्यांचे काम त्यांना मिळवून दिले. त्या मित्रांनी आणखी कोणाला सांगितले. तीस वर्षांपूर्वीच्या नोंदीची फिरती नोंद यामुळे होत नाही, हे मला कळते. चुकीची नोंद खोडायची नसते, खाली नवी लिहायची असते, एवढे मात्र बँकेने शिकवले आहे.

वाचकहो, घर बदलताना किंवा दिवाळीपूर्वीच्या आवराआवरीत भंगारवाल्याला हाक मारण्यापूर्वी माळ्यावरची, गच्चीवरची, दुकानाच्या मागल्या खोलीतली खुर्ची एकदा उलटी करून पाहा. लाकूड धड असेल आणि सांधे शाबूत असतील, तर तिच्यावरचा खर्च वाया जाणार नाही.

पुतण्याच्या त्या खुर्चीखालचा पांढरा क्रमांक मी पुसू दिला नाही. पॉलिशवाल्याला तेवढी जागा सोडायला सांगितले. घरी आलेला प्रत्येक पाहुणा आता तिच्या किमतीची चौकशी करतो. परवा पुतण्याने मलाच विचारले, "काका, तुमच्या हिशेबानं आज हिची काय किंमत धरायची?"

मी म्हणालो, "ते सोड. ती फाटली की कोणाला बोलवायचं, तो पत्ता आधी वहीत लिहून ठेव."